पडद्यावरचे मौन : सातपुड्याच्या पायथ्यावरून चित्रपट आणि समाज

‘चित्रपट हा समाजाचा आरसा आहे’ हे विधान आपल्याकडे शालेय निबंधापासून संशोधन-प्रबंधापर्यंत इतक्या वेळा लिहिले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरजच कुणाला वाटेनाशी झाली आहे. आरशापुढे जो उभा राहील तो त्यात दिसतो. चित्रपटाचे तसे नाही. कॅमेऱ्यापुढे कोणाला उभे करायचे, त्याला बोलू द्यायचे की नाही, आणि तयार झालेली कृती कोणापुढे मांडायची, या तिन्ही गोष्टी समाजातील सत्तासंबंधांनी ठरतात. म्हणून ‘चित्रपट आणि समाज’ या विषयाची चर्चा करताना ‘कोणता समाज?’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो. प्रस्तुत लेखात तो महाराष्ट्राच्या वायव्य टोकावरून विचारण्याचा प्रयत्न केला आहे.

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील खापर हे अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरचे, गुजरातच्या सीमेजवळचे बाजाराचे गाव. त्याच्या दक्षिणेला तापीच्या खोऱ्याचा सपाट पट्टा आहे. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आणि त्या ओलांडल्या की नर्मदा. मराठी, गुजराती, अहिराणी आणि भिलीच्या वेगवेगळ्या बोली या टापूत एकाच आठवडे बाजारात कानावर पडतात. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. चित्रपटाच्या इतिहासात हा पायथा एका अदृश्य रेषेसारखा आहे. रेषेच्या खाली, सपाटीवरच्या गावांत आणि शहरांत, चित्रपट पाहिला गेला. रेषेच्या वरची, डोंगरातील गावे चित्रपटात पाहिली गेली. या दोन क्रियापदांमधले अंतर कसे पडले आणि ते कितपत मिटले, हा या लेखाचा विषय आहे.

तंबूतला सिनेमा आणि तंबूबाहेरचा समाज

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लोकांसमोर आला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. म्हणजे भारतीय चित्रपटाचे बालपण खानदेशाच्या उंबरठ्यावरच गेले. पण त्याहीआधी फिरता सिनेमा रस्त्यावर आला होता. सुरतेत जन्मलेले अब्दुलअली युसुफअली हे १९०१ पासून तंबू घेऊन पूर्व आणि आग्नेय आशियात हिंडत होते आणि १९०८ ते १९१४ या काळात त्यांनी भारतात खेळ केले. शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद, हजारभर माणसे मावतील असा त्यांचा तंबू होता. पुढे महाराष्ट्रात ‘टुरिंग टॉकीज’ म्हणून रुजलेल्या संस्थेची ही पूर्वपीठिका. जत्रा हेच तिचे वेळापत्रक होते. जमिनीवर बसलेला, स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या बाजू केलेला, प्रोजेक्टरच्या घरघरीसह चित्र पाहणारा हा प्रेक्षकवर्ग मराठी ग्रामीण समाजाचा एक छेदच होता.

या प्रेक्षकापुढे जे आले त्यात त्याच्या जगण्याचे प्रतिबिंब अजिबात नव्हते असे नाही. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) हा त्याचा ठळक दाखला. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहरातल्या गिरणीत मजूर होणारा शेतकरी, त्या भूमिकेत तरुण शांताराम, आणि कथा नारायण हरी आपट्यांची. १८७५ चे दख्खनचे दंगे आणि त्यानंतर चारच वर्षांनी आलेला शेतकरी कायदा ज्या वास्तवातून उद्भवले, ते वास्तव अर्ध्या शतकाने पडद्यावर पोहोचले. मात्र हा शेतकरी सपाटीवरचा कुणबी शेतकरी होता. पश्चिम खानदेशात सावकारीने सर्वांत खोल जखम केली ती भिल्ल समाजाला. कसत असलेली जमीन गेली आणि त्याच जमिनीवर सालदार म्हणून राबण्याची वेळ आली. या कथेला पडदा मिळाला नाही.

काळाचे एक सहअस्तित्व येथे नोंदवण्यासारखे आहे. १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. अभंग, भक्ती आणि सामान्य माणसाची प्रतिष्ठा यांचे ते चित्ररूप मराठी समाजाने आपले मानले. नेमक्या त्याच सुमारास, १९३७-३८ मध्ये, तळोदा भागात संत गुलाम महाराजांभोवती आदिवासींचे प्रचंड मेळावे भरत होते. सामूहिक आरती, दारूचा त्याग, स्वच्छता आणि एकमेकांना ‘आप’ म्हणून मानाने संबोधण्याचा आग्रह असे त्या चळवळीचे स्वरूप होते. पडद्यावर तुकोबांच्या रूपाने जे मूल्य साजरे होत होते, ते या मेळाव्यांत प्रत्यक्ष आचरले जात होते. पण त्या घटनेकडे कोणत्याही चित्रपटगृहाचे तोंड नव्हते.

याचा अर्थ डोंगरातला समाज दृश्यकलेला पारखा होता असा करणे चुकीचे ठरेल. अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाताना लागणाऱ्या काठी येथील राजवाडी होळी पाहिली तर हे पटते. अंगावर नक्षी काढलेले, मोरपिसांचे उंच टोप घातलेले, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले बावा आणि बुध्या, नियम पाळून केलेली तयारी, ढोलांच्या लयीत सरणारी रात्र आणि पहाटे पेटणारी होळी. यात वेष आहे, भूमिका आहे, प्रकाशयोजना आहे आणि कथानकही आहे. नाही ती एकच गोष्ट : बाजूला बसून नुसते पाहणारा प्रेक्षक. चित्रपटाने समाजाची जी ‘दाखवणारे’ आणि ‘पाहणारे’ अशी विभागणी केली, ती या परंपरेला अपरिचित होती. म्हणून पुढे कॅमेरा डोंगरात पोहोचला तेव्हा त्याच्यासोबत एक नवी समाजरचनाही पोहोचली.

राष्ट्राचा पडदा

स्वातंत्र्यानंतर या चित्रात राज्यसंस्था उतरली. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि प्रत्येक खेळाआधी त्याचा वृत्तपट किंवा माहितीपट दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक झाले. चित्रपटाआधीची ती काही मिनिटे म्हणजे अक्षरशत्रू नागरिकासाठी राष्ट्राचे वर्तमानपत्रच. धरणे, कालवे, पोलादाचे कारखाने, कोनशिला बसवणारे नेते. ‘विकास’ या शब्दाला आपल्या मनात जे दृश्यरूप आले ते मुख्यत्वे या पडद्यावरून. लोकप्रिय चित्रपटही त्याच भाषेत बोलत होता. मेहबूब खानांच्या ‘मदर इंडिया’ची (१९५७) चौकट आठवून पाहावी. वृद्ध राधेच्या हातून कालव्याचे उद्घाटन व्हायचे आहे; तिथून कथा भूतकाळात जाते आणि शेवटी पुन्हा त्या वाहत्या पाण्यापाशी येते. सावकारी, दुष्काळ, पूर, पुत्रहत्या अशा सर्व दुःखांचे सार्थक त्या पाण्यात होते.

ही रूपककथा सपाटीवरच्या शेतकऱ्याला मनापासून पटली, कारण पाणी त्याच्या शेतात येणार होते. परंतु कालव्याच्या वरच्या टोकाला धरण असते आणि धरणाच्या मागे बुडणारी गावे असतात. ५ एप्रिल १९६१ रोजी नर्मदा प्रकल्पाची कोनशिला बसली. पुढे सरदार सरोवर या नावाने उभ्या राहिलेल्या धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतील ३३ गावे येणार होती. राष्ट्राच्या पडद्यावर कालव्याला जागा होती. या ३३ गावांना नव्हती. मराठी साहित्याने धरणग्रस्तांच्या वेदनेला ‘झाडाझडती’सारख्या (१९९१) कादंबरीतून उशिरा का होईना, पण भक्कम स्थान दिले. मुख्य प्रवाहातील मराठी चित्रपटाविषयी तेवढेही म्हणता येत नाही.

मुका नायक

सत्तरच्या दशकात नवा चित्रपट आला आणि आदिवासी माणूस प्रथमच नायक म्हणून पडद्याच्या मध्यभागी आला. या संदर्भात दोन कृतींचा विचार अपरिहार्य ठरतो. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेलांनी केलेला ‘जैत रे जैत’ (१९७७) हा कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकर समाजाचा. नाग्या आणि चिंधीची ही कथा गाण्यांच्या अखंड प्रवाहातून पुढे सरकते. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांनी मराठी श्रोत्यांच्या मनात रानाची एक कायमची प्रतिमा निर्माण केली. ही प्रतिमा सुंदर आहे. ठाकरांच्या श्रद्धाविश्वाकडे तुच्छतेने न पाहण्याचे भानही तिच्यात आहे. तरीही तिच्यात रानाबाहेरचा ठेकेदार, वनखाते, सावकार हे जवळजवळ नाहीत. नाग्याचा झगडा राणीमाशीशी आहे, म्हणजे निसर्गाशी आणि नियतीशी. प्रेक्षकाला चित्रपटगृहातून बाहेर पडताना अपराधी वाटण्याचे कारण उरत नाही.

गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ (१९८०) हे कारण प्रेक्षकाच्या हाती ठेवतो. पटकथा विजय तेंडुलकरांची. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला लहान्या भिकू आपल्या वकिलाशी एक शब्दही बोलत नाही. खरे गुन्हेगार गावातले प्रतिष्ठित आहेत. ओम पुरींनी ते मौन ज्या ताकदीने उभे केले ते भारतीय अभिनयाच्या इतिहासात जमा आहे. अखेरीस वडिलांच्या चितेपाशी आणलेला लहान्या कुऱ्हाडीने आपल्या बहिणीलाच मारतो, कारण तिचे पुढे काय होणार हे त्याला ठाऊक आहे. आणि चित्रपटभर कोंडलेला आवाज किंकाळी होऊन फुटतो. तेंडुलकरांची खरी धारदार निर्मिती मात्र सरकारी वकील दुसाने हे पात्र आहे. तो स्वतः आदिवासी आहे, शिकून वर आला आहे आणि धमकीचे फोन निमूट ऐकतो आहे. एकाला बोलता येते पण तो बोलत नाही, दुसऱ्याला बोलूनही उपयोग नाही हे कळून चुकले आहे.

‘आक्रोश’मधील मौन हा आरोपीचा दोष नसून ऐकणाऱ्या व्यवस्थेवरचा अभिप्राय आहे, असे त्याचे समर्थन केले जाते आणि ते योग्यच आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थांबता येत नाही. ज्या दशकाच्या अखेरीस हा मुका नायक पडद्यावर आला, त्याच दशकाच्या प्रारंभी खापरपासून फार दूर नसलेल्या शहादा तालुक्यात आदिवासी माणूस मोठ्याने बोलत होता. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीत आदिवासींवर गोळीबार झाला. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याच्या नेतृत्वाखाली गेलेल्या जमिनी परत मागण्याची चळवळ उभी राहिली. १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. मजुरीचे दर, सालदारांचे हक्क, गहाण पडलेल्या जमिनी यांविषयी सभा-संमेलने झाली. १९७२-७३ मध्ये आदिवासी स्त्रियांनी गावोगावी दारूचे गुत्ते उद्ध्वस्त केले आणि मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना चव्हाट्यावर आणले. भारतातील स्त्री-चळवळीच्या इतिहासात या मोहिमेचा उल्लेख आवर्जून होतो.

तेव्हा प्रश्न असा उरतो : बोलणारा, संघटित होणारा, भांडून जमीन परत घेणारा आदिवासी समोर असताना चित्रपटाने मुका आदिवासीच का निवडला? एक उत्तर असे की नव्या चित्रपटाचा प्रेक्षक शहरी मध्यमवर्गीय होता आणि त्याच्या सदसद्विवेकाला हलवण्यासाठी मूक बळीची प्रतिमा अधिक परिणामकारक होती. बोलणारा आदिवासी मागणी करतो, आणि मागणीला उत्तर द्यावे लागते. मौनापुढे केवळ व्यथित झाले तरी चालते. दुसरे उत्तर अधिक साधे आहे. लेखक, दिग्दर्शक, नट हे सर्व रेषेच्या खालचे होते. दोन्ही चित्रपटांत आदिवासी स्त्रीची भूमिका स्मिता पाटील यांनी केली हा योगायोग त्यांच्या अभिनयसामर्थ्याची साक्ष देतो आणि त्याच वेळी त्या काळच्या पात्रयोजनेची मर्यादाही सांगतो. श्रमिक संघटनेतूनच पुढे आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. व्यासपीठावर कोण उभे राहते आणि खाली बसून स्वतःचेच दुःख इतरांच्या तोंडून कोणाला ऐकावे लागते, हा तिचा विषय. ‘आक्रोश’ आणि ‘स्टेज’ एकत्र शिकवल्या जायला हव्यात. पहिल्या कृतीतील मौनाचे भाष्य दुसऱ्या कृतीत आहे.

पाण्याची रोजनिशी

नव्वदच्या दशकात रेषा ओलांडणारा कॅमेरा आला तो अनुबोधपटाचा. १९८७ पासून सरदार सरोवराचे बांधकाम वेगाने सुरू झाले आणि नर्मदा बचाओ आंदोलनाने खोऱ्यातील गावांना देशाच्या नकाशावर आणले. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे बुडिताच्या वाटेवरचे महाराष्ट्रातील पहिले गाव. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीचा प्रतिकूल अहवाल १९९२ मध्ये आला, १९९३ मध्ये बँकेचे कर्ज थांबले आणि १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जपुरवठ्याविरुद्ध काढलेल्या पत्रकाला ‘मणिबेली जाहीरनामा’ असेच नाव मिळाले.

आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५) या काळाची नोंद आहे. ‘डायरी’ हा शब्द नीट वाचायला हवा. कथेला आरंभ-मध्य-अंत असतो आणि लेखकाला शेवट माहीत असतो. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नसते. सभा, मोर्चे, पोलीस, पावसाळा आणि चढते पाणी यांच्या मागे चालणारा हा कॅमेरा घटनांच्या बरोबरीने वाटचाल करतो. येथे डोंगरातली माणसे आपल्या बोलीत स्वतः बोलतात, हिशेब मांडतात, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारतात. लहान्या भिकूच्या मौनानंतर पंधरा वर्षांनी आलेले हे बोलणे आहे. पुढे संजय काक यांचा ‘वर्ड्स ऑन वॉटर’ आणि फ्रॅनी आर्मस्ट्राँग यांचा ‘ड्राउन्ड आउट’ हे दोन्ही अनुबोधपट २००२ मध्ये आले. त्यांतील दुसऱ्याने नदीपलीकडच्या जलसिंधी गावातील एका कुटुंबाचा अनेक महिने मागोवा घेतला. दरम्यान १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने धरणाचे काम पुढे नेण्यास अनुमती दिली होती.

परंतु बोलणाऱ्याला पडदा मिळाला म्हणून त्याला प्रेक्षक मिळतोच असे नाही. ज्या चित्रपटगृहांत धरणांचे वृत्तपट सक्तीने दाखवले गेले, तिथे धरणग्रस्तांच्या अनुबोधपटांना जागा नव्हती. दूरदर्शनचे दारही सहज उघडत नव्हते. पटवर्धनांचाच ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ (१९९५) दाखवला जावा यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल २००६ मध्ये लागला. २००४ मध्ये मुंबईच्या अनुबोधपट महोत्सवात सेन्सॉर प्रमाणपत्राच्या सक्तीवरून वाद झाला, तेव्हा निर्मात्यांनी ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला. महाविद्यालये, संघटनांची कार्यालये, भाड्याने आणलेला प्रोजेक्टर अशा मार्गांनी हे चित्रपट फिरले. एका अर्थी तंबू सिनेमाचाच तो नवा अवतार. फरक इतकाच की आता तंबूत प्राध्यापक आणि विद्यार्थी बसले होते.

आज या चित्रपटांचे मोल आणखी एका कारणाने वाढले आहे. १७ सप्टेंबर २०१७ रोजी पूर्ण उंचीच्या धरणाचे लोकार्पण झाले. ही उंची १३८.६८ मीटर. नदीकाठची जुनी घरठाणे, शेते आणि पायवाटा आता पाण्याखाली आहेत. विस्थापितांची संख्या, जमिनीचे हेक्टर, पातळीचे मीटर हे सारे सरकारी कागदांत आणि निकालपत्रांत मिळेल. नदीकडे उतरणारी वाट आणि त्या वाटेवर उभे राहून बोलणारा माणूस कसा होता, हे मात्र या चित्रफितींतच मिळेल. समाजाचे प्रतिबिंब म्हणून काढलेली चित्रे समाजाचा दस्तऐवज होऊन बसली आहेत. त्यांचे जतन हा म्हणूनच केवळ चित्रपटप्रेमींचा विषय राहत नाही.

हातातला कॅमेरा

गेल्या दीड दशकात ही सारी मांडणी बदलली आहे. टुरिंग टॉकीज जवळजवळ संपल्या. त्यांच्या अस्तकाळाचे चित्रण शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’मध्ये (२०१६) आहे. आता कॅमेरा खिशात आहे. यंत्रमागांच्या मालेगावात नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ (२०००) करून दाखवला, तेव्हाच चित्रपट ‘करणे’ ही महानगराची मक्तेदारी राहिली नसल्याचे स्पष्ट झाले होते. त्यांच्या धडपडीवर आधी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा अनुबोधपट आणि २०२५ मध्ये ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपट आला. अहिराणी गाणी आणि प्रहसने यूट्यूबवर लाखोंनी पाहिली जातात. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना आदिवासी तरुण स्वतःची गाणी स्वतः चित्रित करतात. काठीच्या होळीत आता ढोलाच्या संख्येपेक्षा मोबाइलची संख्या अधिक असते.

मौन संपले, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. दृश्यांच्या या पुरात सर्वाधिक पसरते ते नृत्य, वेष आणि मोरपिसे. जमीन, रोजगारासाठीचे स्थलांतर, कुपोषण, अपुरे पुनर्वसन यांविषयीचे बोलणे मागे पडते. म्हणजे ‘जैत रे जैत’च्या रानाची मोहिनी कॅमेऱ्याचे मालक बदलल्यावरही टिकून आहे. दुसरीकडे हेही मान्य केले पाहिजे की आनंद दाखवण्याचा हक्क हा दुःख दाखवण्याच्या हक्काइतकाच खरा आहे. आदिवासी तरुणाने सतत आपल्या शोषणाचीच गोष्ट सांगावी ही अपेक्षाही अखेर रेषेच्या खालूनच केलेली आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’च्या (२०१३) शेवटी जब्याने फेकलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. त्या दगडाने लहान्याच्या किंकाळीला जे रूप दिले, ते पाहणाऱ्याच्या जागेवरच आघात करणारे होते. सातपुड्यातून उद्या येणारी कृती कशी असेल हे ठरवण्याचा अधिकार तिच्या कर्त्यांचा आहे.

समीक्षेचे काम त्यामुळे संपत नाही, अधिक नेमके होते. एखादा चित्रपट ‘समाजवास्तव’ दाखवतो असे म्हणताना आपण सहसा आशयापाशी थांबतो. त्यापुढे जाऊन विचारायला हवे की त्यात कोण बोलतो, कोणत्या भाषेत बोलतो, कोणाच्या वतीने बोलतो, आणि ज्यांच्याविषयी तो आहे त्यांना तो पाहायला मिळाला का. खापरच्या बाजारातून डोंगराकडे पाहताना हे प्रश्न अमूर्त राहत नाहीत. पडद्यावर ज्यांना शतकभर नुसते पाहिले गेले, त्यांची शेते आणि घरठाणे पाण्याखाली आहेत. त्यांची नातवंडे हातात कॅमेरा घेऊन उभी आहेत. त्यांना ऐकण्याची सवय आपल्या विद्यापीठीय वर्गांना लागली, तरच ‘चित्रपट आणि समाज’ या शीर्षकातील ‘आणि’ला काही अर्थ येईल.